गादीशेजारचा माणूस

दांडिया बाजारातला आमचा वाडा गेल्या वर्षी विकावा लागला. माडीचे वासे वाळवीने पोखरलेले आणि वारस पाच गावी विखुरलेले; दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावर एकमत होईना. सामानाची वाटणी मात्र गुण्यागोविंदाने झाली. समया, घंगाळे, तांब्याचा बंब, शिसवी झोपाळा यांना धनी चटकन मिळाले. दिवाणखान्यातल्या आजोबांच्या तसबिरीपाशी येऊन सगळे थबकले. चौकटीसकट ती चांगली चार फूट उंच. आजकालच्या ब्लॉकांत तिला भिंत कोण देणार? आमच्या घरी आम्ही म्हातारा-म्हातारी दोघेच, तेव्हा ती आमच्याकडे आली.

तसबीर तैलरंगातली आहे आणि १९२० च्या आसपासची असावी. आजोबा उभे आहेत. डोक्यावर पगडी, अंगात लांब अंगरखा, खांद्यावर जरीकाठी उपरणे. मागे एक जाडजूड दगडी खांब आणि त्याच्यावरून ओघळणारा तांबडा मखमली पडदा. उजवा हात टेबलावर टेकलेला. टेबलावर कलमदान, दोन जाड ग्रंथ आणि एक उलगडलेला कागद. चेहऱ्यावर भाव असा, की समोरच्याने अर्ज पुढे करावा आणि दोन पावले मागे सरावे!

दिवाळीनंतर पुतण्या आला. त्याच्या मुलीचे लग्न ठरले होते. चहा घेऊन तो तसबिरीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "काका, पणजोबा दिवाण होते ना?"

मी म्हणालो, "कोणी सांगितले तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे? दिसतेच आहे की. व्याह्यांकडे मी तसे बोलूनही गेलो. पत्रिकेतसुद्धा घालावे म्हणतो, 'बडोद्याचे दिवाण घराणे' म्हणून."

"अरे, ते हिशेबाच्या खात्यात कारकून होते. पेन्शन घेतली तेव्हा अव्वल कारकून. सबंध नोकरीत त्यांनी महाराजांना जवळून पाहिले असेल ते दोनदा की तीनदा."

"मग हा खांब? हा पडदा? कारकुनाची तसबीर अशी कोण काढील?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुतण्या थोडा रुसूनच गेला. माणूस खोटे बोलत असेल तर त्याला दटावता येते. पण इथे खोटे बोलत होती ती तसबीर. आणि तीही खोटे बोलत होती की आणखी काही, हे मला तरी कुठे ठाऊक होते? जन्मभर तिच्याखाली बसून जेवलो, पण ती कधी नीट पाहिली नव्हती. मग मी पुस्तके काढून बसलो. त्या बैठकीत जे हाती लागले ते जुन्या घराण्यांतल्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटले. कारण अशी एखादी तसबीर आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल.

प्रथम लक्षात आले ते हे, की खांब आणि पडदा ही मुळात राजाची मत्ता. फ्रान्सचा चौदावा लुई याचे इयासँत रिगो या चित्रकाराने १७०१ साली काढलेले चित्र या बाबतीत सर्वांचा आजोबा म्हणावे असे आहे. खांब आहे, पडदा आहे, अंगावर राज्याभिषेकाचा भरगच्च झगा आहे, शेजारी मुकुट आहे. त्या वेळी लुई साठी उलटलेला होता. पण झग्यातून पुढे आलेले त्याचे पाय एखाद्या तरुण नर्तकाचे वाटतात. हे चित्र स्पेनच्या गादीवर बसलेल्या नातवाला धाडायचे म्हणून काढवले होते. लुईला ते इतके आवडले, की त्याने ते स्वतःकडेच ठेवून घेतले! चित्रात लुई काहीही करीत नाही. वाचत नाही, लिहीत नाही, हुकूम देत नाही. राजाला काही करून दाखवावे लागत नाही. तो आहे, एवढे पुरे. त्याचा अधिकार जन्माबरोबर आलेला, आणि खांब, पडदा, मुकुट हे त्या अधिकाराचे भालदार-चोपदार.

मंत्र्याचे तसे नाही. दिवाण, कारभारी, फडणीस, अमात्य, कोणतेही नाव घ्या. त्याच्या हातातली सत्ता ही दुसऱ्याची असते. ती त्याला सोपवलेली असते आणि सोपवणारा ती केव्हाही परत मागू शकतो. म्हणून मुत्सद्द्याची तसबीर काढणाऱ्यापुढे मोठा पेच असतो. माणूस बलवान दिसला पाहिजे, पण धन्याहून बलवान दिसता कामा नये. धन्याहून बलवान तो असला, तर तसे दिसणे अधिकच धोक्याचे! राजाचा चित्रकार वैभव रंगवतो. मुत्सद्द्याच्या चित्रकाराला एक नाते रंगवावे लागते.

या पेचातून सुटायची एक वाट हान्स होल्बाइन याने दाखवली. इंग्लंडचा आठवा हेन्री याचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याचे त्याने १५३२-३३ च्या सुमारास चित्र काढले. ते आज न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहालयात आहे. क्रॉमवेल बसलेला आहे. काळा पोशाख, बोटात एक अंगठी, हातात मुठीत धरलेला कागद. पुढच्या टेबलावर लेखणी, पुस्तक आणि कागदपत्रे. त्यांतल्या एका कागदावरच्या अक्षरांवरून कळते, की हा गृहस्थ राजाच्या जवाहिरखान्याचा अधिकारी आहे. पाहा, जवाहिरखाना ज्याच्या ताब्यात, त्याच्या अंगावर जवाहीर नाही! त्याचे डोळे बारीक आहेत, आणि तो आपल्याकडे पाहत नाही. चौकटीबाहेर कुणाकडे तरी पाहतो आहे. राजाचे चित्र आपल्याला म्हणते, 'मला पाहा.' मंत्र्याचे चित्र म्हणते, 'माझे लक्ष दुसरीकडे आहे, मला काम आहे.' कागद, लेखणी आणि ती नजर एवढ्यावर होल्बाइनने सत्ता उभी केली. फ्रिकमध्ये शेगडीच्या एका बाजूला हा क्रॉमवेल आणि दुसऱ्या बाजूला होल्बाइननेच रंगवलेला सर टॉमस मोर असे दोघे टांगलेले आहेत. दोघेही एकाच राजाचे मंत्री. मोरचा शिरच्छेद १५३५ साली झाला, क्रॉमवेलचा १५४० साली. सोपवलेली सत्ता परत मागितली गेली ती अशी.

दुसरी वाट शंभर वर्षांनी फ्रान्समध्ये निघाली, आणि ती उलट दिशेची. तेराव्या लुईचा मंत्री कार्डिनल रिशल्यू याची चित्रे फिलिप द शांपेन्य याने काढली. त्यांतले एक लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहात आहे. धर्मगुरूचे चित्र बसलेलेच काढायचे, असा तोवरचा रिवाज. पायांपासून डोक्यापर्यंत उभे चित्र हा राजांचा आणि सरदारांचा मान. शांपेन्यने कार्डिनलला उभा केला. लाल झग्याच्या घड्या जमिनीपर्यंत लोळताहेत, एक हात लांबवून त्याने आपली टोपी धरली आहे, मागे पडदा आहे. मुकुट कुठेच नाही; तो घालायची त्याची प्राज्ञा नव्हती. पण उभे राहणे त्याने राजाकडून घेतले. पॅरिसच्या दरबारातल्या जाणत्या माणसाला तेवढे पुरेसे होते.

बसावे की उभे राहावे, ही बाब आपल्याला क्षुल्लक वाटते. पण दरबारात जन्म काढलेल्यांना विचारा! कोणी कुठे बसायचे, गादीपासून किती हातांवर, लोड मिळणार की नाही, उठून ताजीम कोणाला द्यायची, याच्यावरून आपल्याकडे पत्रव्यवहाराचे रुमालच्या रुमाल भरले आहेत. म्हणून परदेशचा चित्रकार जेव्हा आपल्या दरबारात आला, तेव्हा त्याला खांब आणि पडदा बाजूला ठेवून आपली बैठक शिकावी लागली. ही गोष्ट घडली पुण्यात.

जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईस उतरला आणि पुढल्या वर्षी पुण्याला आला. पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील सर चार्ल्स मॅलेट हा त्याचा आश्रयदाता. पुण्यात चित्रकलेचे शिक्षण देण्याची सोयही त्या वेळी झाली, आणि गंगाराम तांबटासारखा आपल्याकडचा चित्रकार त्यातून पुढे आला. वेल्सने सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांना एकाच चित्रात रंगवले. ते मोठे तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. त्याची छापील नक्कल माझ्या टेबलावर कितीतरी दिवस पडून होती.

श्रीमंत त्या वेळी अठरा वर्षांचे. जन्मल्यावर चाळिसाव्या दिवशी पेशवाईची वस्त्रे मिळालेले. नानांनी पन्नाशी गाठलेली. बारभाईंच्या काळापासून राज्याचा गाडा ओढून वाळलेले, बारीक शरीराचे. चित्रात दोघे बसले आहेत, मागे सेवक उभे आहेत. रत्ने, मोती, सारा झगमगाट तरुण पेशव्यांच्या अंगावर. नाना त्या मानाने साधे. राजा कोण याबद्दल कोणाची क्षणभरही चूक होऊ नये, अशी वेल्सने व्यवस्था केली आहे. तरी चित्र पाहताना आपली नजर पेशव्यांवरून निघून नानांवर जाते आणि तिथे मुक्काम करते. तो तरुण चेहरा राजबिंडा खरा, पण त्याच्यावर अजून काही लिहिले गेलेले नाही. नानांच्या चेहऱ्यावर पानेच्या पाने लिहिलेली आहेत. वेल्सला राज्याचा खरा कारभार कोण चालवतो हे ठाऊक होते. पुण्यातल्या पोरासोरालाही ठाऊक होते. त्याने दागिने धन्याला दिले आणि सत्ता चेहऱ्यात ठेवली. नानांना त्याने गादीवर बसवले नाही, गादीशेजारी बसवले. मुत्सद्द्याची जागा ती, आणि ती बरोबर हेरली म्हणून हे चित्र खरे उतरले.

ही जागा किती डळमळीत असते, ते दाखवायला इतिहासाने फार दिवस घेतले नाहीत. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यातल्या माडीवरून पडून वारले. पुढच्याच महिन्यात ठाण्याकडे वेल्सही तापाने गेला. आणि नाना? त्यांची अक्कल तीच, अनुभव तोच. परंतु ज्या गादीशेजारी ते बसत ती रिकामी झाली होती. वर्षभरात त्यांना पुणे सोडून कोकणात महाडला जावे लागले. ते परत आले. १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांच्या कैदेत पडले. सुटले, पुन्हा कारभार पाहू लागले आणि १८०० च्या मार्चात वारले. चित्रातली ती बैठक तीन वर्षेच टिकली.

याच गोष्टीचे एक शेपूट आहे. मॅलेटच्या मनात आणखी एक मोठे चित्र होते: १७९० साली पेशव्यांच्या दरबारात टिपूविरुद्धचा तह घडवून आणल्याचे. वेल्सने त्यासाठी तोंडवळे टिपून ठेवले होते. तो वारल्यावर त्या टिपणांवरून टॉमस डॅनियल याने इंग्लंडात १८०५ साली ते चित्र पुरे केले. शनिवारवाड्यातला महाल, दुतर्फा बसलेली माणसांची गर्दी, गादीवर पेशवे. पण चित्र कशाचे आहे? ते मॅलेटचे आहे. साऱ्या दरबाराच्या वैभवाची मांडणी अशी, की ते वैभव इंग्रज वकिलाच्या कर्तबगारीचे आसन व्हावे. पहिल्या चित्रात गादीशेजारी नाना होते. दुसऱ्यात गादीशेजारी मॅलेट येऊन बसला. पुढच्या तेरा वर्षांत पेशवाई बुडाली. म्हणून तसबिरीबद्दल पहिला प्रश्न विचारावा तो असा: ही काढवली कोणी?

आता आपल्या बडोद्याकडे येऊ. मल्हारराव गायकवाड १८७५ साली पदच्युत झाले, जमनाबाईसाहेबांनी कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेतले आणि ते सयाजीराव झाले. महाराज बारा वर्षांचे. तेव्हा कारभार आला सर टी. माधवराव यांच्याकडे. नावातला 'टी' हा तंजावरचा. कुंभकोणम् येथे १८२८ साली जन्मलेला हा तंजावरी मराठी माणूस आधी त्रावणकोरचा दिवाण होता, मग इंदूरचा, आणि १८७५ ते १८८२ बडोद्याचा. गादीशेजारचा माणूस म्हणजे काय, हे त्याच्याइतके कोणाला कळले असेल? तीन गाद्या त्याने पाहिल्या, आणि त्रावणकोरची त्याला महाराजांशी न पटल्यामुळे सोडावी लागली होती.

त्रावणकोरातच एक तरुण चित्रकार वाढत होता. राजा रविवर्मा. १८६८ साली थिओडोर जेन्सन हा युरोपियन चित्रकार तिरुवनंतपुरमला आला, तेव्हा त्याला रंगवताना पाहून रविवर्म्याने तैलरंगाचे तंत्र पुष्कळसे उचलले. राजदरबारची खांब-पडद्याची भाषाही अशाच वाटांनी आपल्याकडे आली. माधवरावांच्या ओळखीने रविवर्मा बडोद्यास आला. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीराव महाराजांना राज्याचा पूर्ण अधिकार मिळाला. त्या समारंभाच्या वेळचे, जडजवाहिरांनी मढलेले त्यांचे चित्र रविवर्म्याने रंगवले. वय अठरा. वेल्सने रंगवले तेव्हा सवाई माधवरावही अठराचेच होते. राजवाड्याच्या आवारात महाराजा फत्तेसिंह संग्रहालय १९६१ साली सुरू झाले, तेव्हापासून रविवर्म्याची बडोद्यातली कामगिरी सामान्य माणसालाही पाहता येऊ लागली.

त्याच वर्षी, १८८१ साली, माधवराव या तरुण राजाला व्याख्याने देत होते. राजवाड्याचे खाते कसे ठेवावे, माणसे कशी निवडावी, प्रजेचे सुख कशात आहे, असे त्यांचे विषय. ती पुढे पुस्तकरूपाने निघाली. म्हणजे एकीकडे चित्रकार राजाचे दागिने रंगवीत होता, आणि दुसरीकडे दिवाण राजाला सांगत होता की दागिन्यांनी राज्य चालत नाही.

माधवरावांच्या जुन्या छायाचित्रांत पगडीखालचा धीरगंभीर चेहरा दिसतो आणि छातीवर 'स्टार ऑफ इंडिया' या पदवीचा तारा. आपण इथे थांबून विचार करावा. तो तारा कोणत्याही महाराजांनी दिलेला नव्हता. तो विलायतच्या राणीच्या नावाने १८६६ साली मिळालेला. नानांना एक धनी होता. संस्थानी दिवाणाला दोन. एक समोर गादीवर बसलेला, आणि दुसरा चित्रात कुठेच न दिसणारा, पण छातीवरच्या ताऱ्यातून सर्वांवर नजर ठेवणारा. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने ही दुहेरी चाकरी केली. तिची निशाणी त्या पिढीच्या तसबिरींत शोधली तर सापडते: अंगरखा मराठी, पगडी मराठी, आणि बिल्ला विलायती.

आणि या साऱ्या भाषेचा खरा जाणकार निघाला तो स्वतः राजा. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात हिंदुस्थानचे सारे संस्थानिक पंचम जॉर्ज बादशहापुढे मुजऱ्याला गेले. अंगावर संपूर्ण रत्नसाज असावा, ठरल्याप्रमाणे लवावे आणि पाठ न दाखवता मागे सरावे, असा शिरस्ता. सयाजीराव गेले ते दरबारी रत्नसाज अंगावर न घेता, हातात साधी छडी घेऊन. एकदा लवले आणि वळून चालू लागले. त्या वेळी चलच्चित्र घेणारे कॅमेरे लागलेले होते, त्यामुळे हा प्रसंग फितीवर कायमचा राहिला. केवढा गहजब झाला! विलायतेतल्या वर्तमानपत्रांनी आग पाखडली. महाराजांना व्हाइसरॉयकडे खुलासा धाडावा लागला. अपमान हेतुपूर्वक केला की घोटाळ्यात झाला, याचा वाद अजून चालू आहे. पण मला त्यातले एकच दिसते. अठराव्या वर्षी जो राजा रत्नांनी मढून चित्रकारापुढे उभा राहिला होता, त्याला रत्नांचा अर्थ तीस वर्षांत पुरता कळला होता. स्वतःच्या दरबारात ती घातली म्हणजे राजा. दुसऱ्याच्या दरबारात घातली म्हणजे त्याच्या चित्रातला एक मांडलिक. मॅलेटच्या चित्रातले पेशवे ज्या बैठकीत बसले, ती बैठक त्या दिवशी सयाजीरावांनी घेतली नाही, एवढे खरे.

असो. पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर मला आता मिळाले होते. कारकुनाच्या मागे खांब आला कुठून? लुईच्या महालातून निघून, विलायतेतल्या लॉर्डांच्या भिंतींवरून, आपल्या संस्थानिकांच्या दरबार हॉलांत. तिथून फोटोग्राफरच्या रंगवलेल्या पडद्यावर, आणि मग कारकुनाच्या दिवाणखान्यात. त्या काळी फोटो काढायला गेले, की मागे असा कापडी खांब आणि जिना उभा करून ठेवलेला असेच. आपल्याकडे कलाभवनात १८९० पासून चित्रकला शिकवली जात होती. शिकून बाहेर पडलेल्या मुलांना पोट भरायचे होते, आणि पेन्शनीत निघालेल्या कारकुनाला आपली तसबीर असावीशी वाटत होती. आमच्या तसबिरीवर चित्रकाराची सही नाही, पण तोही त्यांच्यापैकीच कोणी असावा. जो खांब एकेकाळी राजाचा होता, तो थोडक्या रुपयांत भाड्याने मिळू लागला. आजोबांनी तो भाड्याने घेतला. त्यात लबाडी नव्हती, हौस होती.

परंतु तसबीर अजून मळलेलीच होती. दर दसऱ्याला आम्ही ती ओल्या फडक्याने पुसत असू, वर तेलाचा हात फिरवीत असू. तैलचित्राला हे दोन्ही वाईट, हे कोणाला माहीत! एका जाणकाराकडून मी ती स्वच्छ करवून घेतली. आठ-दहा दिवस तो कापसाच्या बोळ्याने बोटभर बोटभर जागा साफ करीत होता. पडदा तांबडा होता तो अधिक तांबडा झाला. खांबाला संगमरवराच्या शिरा फुटल्या. आणि टेबलावरचा तो उलगडलेला कागद, जो लहानपणापासून आम्हाला राजाचा खलिता वाटत आला होता, त्याच्यावर अक्षरे दिसू लागली.

मोडी होती. मला मोडी बेताचीच येते. तरी भिंग घेऊन बसलो. खलिता नव्हता, सनद नव्हती. रकमांचा तक्ता होता. एकाखाली एक अकरा रकमा, रुपये, आणे, पै. शेवटी रेघ आणि रेघेखाली बेरीज. खांब भाड्याचा, पडदा भाड्याचा, ग्रंथ बहुधा चित्रकाराचे. पण कागद आजोबांचा स्वतःचा होता. चित्रकाराने विचारले असेल, 'कागदावर काय काढू?' आणि आजोबा म्हणाले असतील, 'जे माझ्या टेबलावर असते तेच काढ.' मला क्रॉमवेलच्या टेबलावरचा कागद आठवला. आणि हेही आठवले, की फडणीस म्हणजे तरी काय? फडाचा हिशेब ठेवणारा. नानांच्या घराण्याची चाकरी शेवटी लेखणीची आणि हिशेबाचीच.

लग्नाआधी पुतण्या व्याह्यांना घेऊन भेटीला आला. मी आधीच मनाशी ठरवले होते, की आज काय ते बोलायचे. आपण होऊन सांगितले, "माझे आजोबा दिवाण नव्हते. हिशेबाच्या खात्यात अव्वल कारकून होते. हा खांब-पडदा हौसेचा आहे. खरा आहे तो हा कागद."

पुतण्याने मान खाली घातली. व्याही काही बोलले नाहीत. ते बँकेतून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेले. चष्मा पुसून त्यांनी तो डोळ्यांवर चढवला, तसबिरीजवळ गेले आणि मला म्हणाले, "आकडे वाचून दाखवता का जरा?"

मी एकेक रक्कम वाचीत गेलो. ते ओठांतल्या ओठांत मिळवीत गेले. पै, मग आणे, हातचे घेऊन रुपये. अकरावी रक्कम झाल्यावर त्यांनी रेघेखालचा आकडा विचारला. मी सांगितला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पैचाही फरक नाही."

पत्रिकेत दिवाण घराण्याचा उल्लेख आला नाही. लग्न झाल्यावर पुतण्याने एक दिवस टेम्पो आणला आणि तसबीर आपल्या घरी नेली. त्याच्या ब्लॉकमध्ये भिंत निघाली.